मुदत संपली, संगणक चालूच आहे

(एका जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेवटी दिली आहेत.)



सुरुवात एका छोट्या हजेरीने करू. घरी, दुकानात किंवा ऑफिसात ज्यांच्याकडे विंडोज १० वर चालणारा संगणक आहे, त्यांनी हात वर करा. बरेच आहात. आता त्या विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, हे ज्यांना माहीत आहे त्यांनीच हात वर ठेवा. काही हात खाली आले. आणि मुदत संपल्यावर ज्यांनी त्याबद्दल प्रत्यक्ष काही केलं, तेवढ्यांनीच आता हात वर ठेवा. (हशा.) ठीक आहे. म्हणजे आजचा विषय योग्य जागी आलाय.

मला तुमचं नवल वाटत नाही. कारण १५ ऑक्टोबरला सकाळी तुम्ही संगणक सुरू केलात तेव्हा काय झालं? काहीच नाही. तोच पडदा, तोच पासवर्ड, त्याच फाइली. छपाई झाली, ईमेल गेला. मग मनात येणारच, की ‘मुदत संपली’ म्हणजे नेमकं संपलं तरी काय? आज याच एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. ते नीट कळलं की काय करायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

तारीख कसली असते?

औषधाच्या बाटलीवर मुदतीची तारीख असते. ती उलटली की आतलं औषध खराब झालं, असं आपण धरतो. आपण संगणकाची तारीख तशीच समजतो आणि तिथेच चुकतो. ऑपरेटिंग सिस्टिम नासत नाही. तिच्यातलं एक अक्षरही त्या रात्री बदलत नाही.

आपल्या सोसायटीच्या लिफ्टचं उदाहरण घ्या. लिफ्टचा वार्षिक देखभालीचा करार असतो. समजा तो ३१ मार्चला संपला आणि कमिटीने नवा केला नाही. १ एप्रिलला लिफ्ट चालते का? चालते. मेमध्येही चालते. फक्त मधल्या काळात एखादी तार झिजली, तर ती बघायला कोणी येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमची तारीख ही अशी कराराची तारीख आहे. कंपनीने सांगितलेलं असतं, की अमुक तारखेपर्यंत यातल्या त्रुटी आम्ही शोधू, दुरुस्त करू आणि ती दुरुस्ती तुमच्या संगणकावर पोचवू. त्या तारखेला संपतं ते हे वचन.

ही दुरुस्ती कशी येते? मायक्रोसॉफ्टने २००३ साली एक शिस्त लावली. सुरक्षेच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकत्र द्यायच्या. त्यांना ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळच. आता मुदतीच्या तारखा बघा. विंडोज एक्सपी संपलं ८ एप्रिल २०१४ ला, विंडोज ७ संपलं १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० संपलं १४ ऑक्टोबर २०२५ ला. कॅलेंडर काढून पाहा, तिन्ही दिवस त्या त्या महिन्याचा दुसरा मंगळवार आहेत. म्हणजे ही तारीख असते शेवटच्या ठिगळाची.

जुनं भोक, नवा शोध

आता कोणी म्हणेल, ‘अहो, एक्सपी २००१ साली आलं. बारा वर्षं ठिगळं लावली. एवढ्या वर्षांत सगळी भोकं बुजली नसतील का?’

प्रश्न रास्त आहे. पण लिफ्ट आणि सॉफ्टवेअर यांत इथे फरक पडतो. लिफ्टची तार वापराने झिजते. सॉफ्टवेअरमधली त्रुटी वापराने तयार होत नाही. ती पहिल्या दिवसापासून आत असते, फक्त कोणाच्या नजरेला आलेली नसते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कोट्यवधी ओळींचा कोड. तो माणसांनी लिहिलेला, कित्येक वर्षांत साठत गेलेला. त्यात कुठेतरी कोणीतरी ‘समोरून येणारी माहिती एवढ्याच लांबीची असेल’ असं गृहीत धरलेलं असतं. पंधरा वर्षांनी कोणीतरी मुद्दाम जास्त लांबीची माहिती पाठवून बघतो आणि दार उघडतं.

लिफ्टला शत्रू नसतो. रात्री येऊन तार कापून बघणारा माणूस नसतो. संगणकाला असतो. आणि त्याला तुमच्या घरी यावं लागत नाही.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नवी आवृत्ती कोऱ्या कागदावर लिहिलेली नसते. विंडोज १० मधला कितीतरी कोड विंडोज ११ मध्येही आहे. आधीच्या आवृत्त्यांतला त्याच्याही आत आहे. त्यामुळे विंडोज ११ मध्ये एखादी त्रुटी सापडली, की ती विंडोज १० मध्येही असण्याची दाट शक्यता असते. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोज ११ ला ठिगळ मिळतं. त्याच दिवशी जगभरातली काही मंडळी जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारीशेजारी ठेवून बघतात, की नेमकं बदललं काय. त्यात भले संशोधक असतात, तसे चोरही असतात. ठिगळ कुठे लागलं ते कळलं, की भोक कुठे होतं तेही कळलं. आणि जुन्या आवृत्तीत ते भोक अजून तसंच आहे.

म्हणजे नव्या आवृत्तीची प्रत्येक दुरुस्ती जुन्या आवृत्तीसाठी चोराच्या हातातला नकाशा ठरते. मुदत संपलेला संगणक आहे तितकाच सुरक्षित राहत नाही. आत काही न बदलता, दर महिन्याला तो थोडा थोडा जास्त असुरक्षित होत जातो.

२०१७ साली काय झालं

आता प्रत्यक्ष घडलेलं सांगतो. यातल्या तारखांकडे लक्ष द्या.

१४ मार्च २०१७. मायक्रोसॉफ्टने एक दुरुस्ती दिली. एका संगणकावरच्या फाइली नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकाला देण्याची विंडोजमध्ये एक जुनी पद्धत आहे, तिच्यातलं हे भोक होतं. ज्या आवृत्त्यांची मुदत शिल्लक होती त्यांना ठिगळ मिळालं. एक्सपीची मुदत तीन वर्षांपूर्वी संपली होती, त्यामुळे सर्वसामान्य एक्सपीवाल्यांना मिळालं नाही.

१४ एप्रिल २०१७. ‘शॅडो ब्रोकर्स’ असं नाव घेतलेल्या एका टोळीने काही हत्यारं इंटरनेटवर उघडी टाकली. ती अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडची असल्याचं मानलं जातं. त्यातल्या ‘इटर्नलब्लू’ नावाच्या हत्याराचं काम एकच होतं, या भोकातून आत शिरणं.

१२ मे २०१७, शुक्रवार. ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा सुटला. किडा अशासाठी म्हणतो, की तो पसरायला कोणी लिंकवर क्लिक करावं लागत नव्हतं. एक संगणक सापडला, की तो नेटवर्कवरचे शेजारचे संगणक स्वतःच चाचपून बघायचा. भोक दिसलं की आत. मग फाइली कुलूपबंद करायचा आणि पडद्यावर चिठ्ठी, ‘३०० डॉलर बिटकॉइनमध्ये द्या, तीन दिवसांनी रक्कम दुप्पट होईल.’ युरोपोलने त्या आठवड्याअखेर सांगितलेला आकडा होता, किमान १५० देश आणि दोन लाखांवर बळी. फ्रान्समध्ये रेनोचे कारखाने थांबले. जर्मनीत रेल्वे स्टेशनवरच्या गाड्यांच्या फलकांवर खंडणीची चिठ्ठी झळकली. आपल्याकडे आंध्र प्रदेशात पोलिसांचे काही संगणक सापडले.

सगळ्यात वाईट अवस्था झाली ती इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची. तिथल्या २३६ ट्रस्टपैकी सुमारे ८० ट्रस्टना फटका बसला. इंग्लंडच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर चौकशी केली. ठरलेल्या सुमारे १९,००० भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज त्यात आला. पाच भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या रुग्णालयात जावं लागलं. मंडळी, हा माणूस संगणक वापरतही नव्हता. छातीत कळ आली म्हणून तो दवाखान्यात निघाला होता.

तो किडा थांबला कसा, तीही गंमत ऐका. मार्कस हचिन्स नावाचा २२ वर्षांचा एक तरुण संशोधक इंग्लंडमध्ये घरी बसून त्याचा कोड तपासत होता. किडा एका विचित्र, नोंदणी न झालेल्या संकेतस्थळाशी बोलायचा प्रयत्न करतोय, असं त्याला दिसलं. त्याने ते नाव किरकोळ पैशांत स्वतःच्या नावावर नोंदवलं. ते संकेतस्थळ उत्तर द्यायला लागताच किड्याने पसरणं थांबवलं. जग त्या दिवशी बऱ्याच अंशी नशिबाने वाचलं.

इथे मला एक गैरसमज दूर करायचाय, कारण मीही तो काही काळ बाळगून होतो. त्या वेळी सगळे म्हणत होते, ‘एक्सपीमुळे झालं.’ नंतर तपासात दिसलं, की सापडलेले बहुतेक संगणक विंडोज ७ वर होते. विंडोज ७ ची मुदत तेव्हा शिल्लक होती. ठिगळ उपलब्ध होतं, पण लावलेलं नव्हतं. मार्चमधल्या त्या दुरुस्तीपासून हल्ल्यापर्यंत ५९ दिवस गेले होते. उलट एक्सपीवर तो किडा धड चालतही नव्हता. संगणक बहुतेक वेळा निळा पडदा दाखवून बंद पडायचा.

मग मुदतीचा मुद्दा खोटा ठरला का? नाही. त्यातून दोन गोष्टी शिकायच्या. टाळी दोन हातांनी वाजते. कंपनीने ठिगळ द्यायला हवं आणि आपण ते लावायला हवं. विंडोज ७ वाल्यांचा एक हात मागे राहिला, पण तो पुढे करणं त्यांच्या हातात होतं. एक्सपीवाल्याला पुढे करायला हातच नव्हता. त्या शुक्रवारी तो वाचला, तो किडा लिहिणाऱ्याच्या ढिसाळपणामुळे. हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही ठिगळ दिलं, पण ते आलं आग लागल्यावर.

आपल्या दारात

हे सगळं लांबचं वाटत असेल तर न्हावा शेवाला चला. वॉनाक्रायनंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ ला, ‘नॉटपेट्या’ नावाचा हल्ला युक्रेनमध्ये सुरू झाला. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत शिरला. पसरताना त्याने तेच इटर्नलब्लू वापरलं, शिवाय संगणकातून पासवर्ड चोरून शेजारच्या संगणकात घुसायची युक्तीही. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. त्याच समूहाकडून चालवलं जाणारं एक टर्मिनल आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरात आहे. त्याचं काम कोलमडलं आणि कंटेनरच्या गाड्या खोळंबल्या. मर्स्कने एकूण नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर धरलं होतं.

नॉटपेट्या ठिगळ लावलेल्या संगणकांतही शिरला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यासाठीच ते पासवर्ड चोरणं होतं. पण अशा हल्ल्याला पहिला पाय ठेवायला एक कच्ची वीट पुरते. शंभर संगणकांच्या ऑफिसात नव्याण्णव नीट असले आणि कोपऱ्यातला एक जुना असला, तर तो एकट्याचा प्रश्न राहत नाही.

दुसरं उदाहरण तुमच्या खिशाजवळचं, एटीएम. एटीएम म्हणजे तिजोरीला जोडलेला संगणकच. एक्सपीची मुदत २०१४ ला संपली, पण पुढेही कित्येक एटीएम त्याच्यावर चालत राहिली. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना परिपत्रक काढून वेळापत्रकच दिलं. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के एटीएम मुदत शिल्लक असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणा, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सगळी. यूएसबीची भोकं बंद करा, पेनड्राइव्ह लावताच आपोआप काही सुरू होणार नाही असं करा, हेही त्यात होतं. हिशेब करा. मुदत संपल्यापासून शेवटच्या एटीएमसाठी दिलेल्या तारखेपर्यंत पाच वर्षं. बँकांकडे पैसा आहे, माणसं आहेत, डोक्यावर नियामक आहे. तरी एवढा वेळ. मग आपल्यासारख्यांचं काय होत असेल?

लोक अडकतात कशाला?

‘लोक आळशी आहेत’ हे उत्तर सोपं आहे, पण खरं नाही. मी दोन जागा सांगतो.

माझ्या माहितीतला एक छापखाना आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, सगळं तिथे होतं. त्यांचं वीस वर्षांचं काम पेजमेकरमध्ये आहे आणि मजकूर युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये. तो फाँट चालायला संगणकाच्या मागे एक डोंगल लावावा लागतो. डोंगल ज्या खाचेत बसतो ती खाच नव्या संगणकाला नसते. मालक मला म्हणाले, ‘तुम्ही म्हणता बदला. बदलतो हो, पण माझी वीस वर्षं कशी उघडू?’

दुसरी जागा एक क्ष-किरण केंद्र. यंत्र चांगलं आहे, अजून दहा वर्षं चालेल. पण त्याला जोडलेला संगणक यंत्राबरोबर आला होता. त्यावरचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं. नवं हवं तर यंत्राची कंपनी सांगेल ती किंमत. डॉक्टर यंत्र फेकतील का? मी तरी फेका म्हणणार नाही.

माणूस ऑपरेटिंग सिस्टिमला चिकटून नसतो. तिच्यावर उभं राहिलेलं काम सोडवत नाही. ही अडचण सरकारांनाही येते. एक्सपी संपल्यावर ब्रिटन सरकारने आपल्या सार्वजनिक सेवांसाठी आणखी एका वर्षाच्या ठिगळांचे सुमारे ५५ लाख पौंड मोजले होते. म्हणून मला कोणाला दोष द्यायचा नाही. पण अडकलोय हे मान्य केलं, की पुढचा प्रश्न विचारता येतो. अडकलेला संगणक निदान उघड्यावर तरी ठेवायचा का?

मग करायचं काय?

आता कामाचं. विंडोज १० वाल्यांपुढे चार वाटा आहेत.

पहिली, विंडोज ११ वर जाणं. संगणक पात्र असेल तर हे फुकट आहे. पात्रतेत अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. दुसरं, प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. पुष्कळदा टीपीएम संगणकात असतं, फक्त सुरुवातीच्या सेटिंगमध्ये बंद असतं. संगणक भंगारात काढण्याआधी जाणकाराकडून तेवढं बघून घ्या.

दुसरी, वाढीव मुदत. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची ठिगळं घेण्याची सोय ठेवली. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. आपली सेटिंग्ज त्यांच्याकडे साठवायला परवानगी दिली तर ती विनामूल्य मिळते, नाहीतर साधारण ३० डॉलर. पण हा श्वास घ्यायला दिलेला वेळ आहे. त्यात झोपायचं नाही, पुढची सोय करायची.

तिसरी वाट लिनक्सची. ब्राउझर, ईमेल, पत्र लिहिणं, व्हिडिओ बघणं, एवढंच काम असेल तर दहा वर्षांच्या जुन्या संगणकावरही उबुंटू किंवा लिनक्स मिंट छान चालतं, फुकट मिळतं. मराठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहेतच. मात्र तुमचं हिशेबाचं किंवा डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी तपासा. नंतर डोक्याला हात लावायची वेळ नको.

चौथी वाट त्या छापखान्यासाठी आणि क्ष-किरण केंद्रासाठी, संगणक वेगळा काढणं. जुना संगणक जुन्या कामापुरता ठेवा. इंटरनेट काढा. ऑफिसच्या नेटवर्कमधूनही काढा. नेटवर्कशिवाय भागतच नसेल, तर त्याला फक्त ज्या एका यंत्राशी बोलायचंय तेवढ्यापुरतं वेगळं नेटवर्क करून घ्या. त्यावर ईमेल नाही, बँक नाही, दुपारच्या सुट्टीत यूट्यूब नाही. आणि त्यातल्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा, जी एरवी कशालाच जोडलेली नसेल. खंडणीखोर किडा जोडलेली बॅकअप डिस्कही कुलूपबंद करतो. कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत तो पोचत नाही.

पाचवी वाट लोक सर्रास घेतात, काहीच न करण्याची. ती मी मोजत नाही.

सगळ्याच गोष्टींना तारीख असते

विंडोजचं उदाहरण घेतलं, कारण ते सगळ्यांकडे आहे. लिनक्सलाही तारखा असतात. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना नेहमीची साथ पाच वर्षं मिळते. आणि तारीख पुढेच सरकते असंही नाही. सेंटओएस नावाची लिनक्स पुष्कळ कंपन्यांच्या सर्व्हरवर होती. तिची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार, असं सगळे धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, की ती २०२१ च्या अखेरीस संपेल. लोकांची आठ वर्षांची योजना एका वर्षावर आली. म्हणून तारीख एकदा बघून विसरायची नसते. वर्षातून एकदा तरी पुन्हा बघायची.

आणि मोबाइल. अँड्रॉइडमध्ये दुरुस्ती गूगलकडून निघते, चिप बनवणाऱ्याकडून जाते, मग फोन बनवणाऱ्याकडे येते आणि तिथून तुमच्याकडे. यातला एक जण थांबला की साखळी तुटली. काही कंपन्या आता महागड्या फोनना सात वर्षं देतात. स्वस्त फोनना बऱ्याचदा त्याहून खूप कमी मिळतात. आणि हे घड्याळ साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून चालू होतं, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल स्वस्तात मिळालं, तर तेवढी वर्षं आधीच खर्च झालेली असतात. युनायटेड किंग्डममध्ये एप्रिल २०२४ पासून नियम आहे, की इंटरनेटला जोडायची वस्तू विकताना तिला किमान किती काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील ते सांगावंच लागतं. आपण दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेल विचारतो. तसंच हेही विचारायला लागू या.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, आमच्याकडे चांगला अँटिव्हायरस आहे, दर वर्षी पैसे भरतो. तेवढं पुरत नाही का?*

मदत होते, पुरत नाही. अँटिव्हायरस हा दारावरचा रखवालदार. ओळखीचा चोर तो अडवतो. पण भिंतीलाच भगदाड असेल तर रखवालदार भिंत बांधत नाही, शिवाय तो स्वतःही त्याच घरात राहतो. आणि काही काळाने हे रखवालदारही जुनी इमारत सोडतात. ब्राउझरचं बघा ना. क्रोमने एक्सपीला २०१६ मध्ये आणि विंडोज ७ ला २०२३ च्या सुरुवातीला रामराम केला. ऑपरेटिंग सिस्टिम संपली की शेजारीही एकेक करून निघून जातात.

*माझं निवृत्तीवेतन आणि नातवंडांचे फोटो, एवढंच आहे संगणकात. मला कोण कशाला हॅक करेल?*

काका, तुम्हाला नाव घेऊन कोणी शोधत नाही. वॉनाक्रायला एनएचएस म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तो फक्त दारं ढकलून बघत होता. आणि खंडणी मागणाऱ्याला तुमच्या फोटोंची किंमत विचारायची नसते, ते तुम्हाला किती प्यारे आहेत एवढंच पुरतं. फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आजच काढा. आणि बँकेचं काम मुदत संपलेल्या संगणकावर करू नका, एवढं माझं ऐका.

*हा सगळा कंपन्यांचा नवा माल खपवायचा डाव नाही का? चांगला चालणारा संगणक फेकायला लावायचा.*

यात तथ्य आहे, मी नाही म्हणणार नाही. विंडोज ११ च्या अटींमुळे धडधाकट संगणक बाहेर पडले, त्याचा ई-कचरा होतो आणि भुर्दंड आपल्याला. राग येणं साहजिक आहे. मागणी करायची तर ती करा, की जास्त वर्षं साथ द्या आणि विकतानाच तारीख सांगा. पण कंपनीवर रागावून जुना संगणक इंटरनेटला जोडून ठेवला, तर त्यात कंपनीचं काहीच जात नाही. आणि फेकायच्या आधी लिनक्सची वाट आहेच.

*आमचा जुना संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही. मग निर्धास्त राहायचं ना?*

बऱ्याच अंशी. पण फाइली कशाने नेता? पेनड्राइव्हने. २००८ च्या अखेरीस आलेला ‘कॉन्फिकर’ नावाचा किडा नेटवर्कवरून पसरायचा, तसाच पेनड्राइव्हवरूनही. त्या संगणकासाठी एक पेनड्राइव्ह राखून ठेवा आणि आधी तो अद्ययावत संगणकावर तपासून घ्या. मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टचा पेनड्राइव्ह त्याला लावायचा नाही.

*मुदत संपल्यावरही मायक्रोसॉफ्टने एक्सपीला दुरुस्ती दिली असं तुम्हीच सांगितलंत. म्हणजे गरज पडली तर देतातच की.*

चांगलं पकडलंत. २०१७ मध्ये दिली, २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाच्या त्रुटीसाठी पुन्हा दिली. पण तेव्हा किडा जगभर पसरण्याची भीती होती म्हणून दिली. दर महिन्याला सापडणाऱ्या बाकीच्या त्रुटींचं काय? त्या उघड्याच राहिल्या. शिवाय एक्सपीची ही ठिगळं स्वतः शोधून, उतरवून लावावी लागत होती. ज्याला मुदत संपलेलीच माहीत नाही, तो ती शोधणार कधी?

शेवटी एक गृहपाठ देतो आणि थांबतो. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. घरातल्या किंवा दुकानातल्या, इंटरनेटला जोडलेल्या सगळ्या वस्तू लिहा. संगणक, फोन, वायफायचा राउटर, कॅमेरा, टीव्ही. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा. कोणती आवृत्ती, शेवटची दुरुस्ती कधी आली, मुदत कधी संपते. संगणकात सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे आवृत्ती दिसेल. फोनमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन सुरक्षा पॅचची तारीख बघा. जिथे तारीख सापडणार नाही तिथे प्रश्नचिन्ह काढा, आणि त्या प्रश्नचिन्हापासूनच सुरुवात करा. कागद विजेच्या बिलांच्या फाइलीत लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी हाताला लागेल.